नऊ नंबर वरच्या मजल्यावर राहते

६ ऑक्टोबर, खालचा मजला

प्रिय वन्सं,

जिन्याखाली उभी राहून तुला तीन हाका मारल्या. पहिल्या दोन हाकांना तू खोकलीस, म्हणजे जिवंत आहेस. तिसऱ्या हाकेला रेडिओ मोठा केलास. म्हणून लिहायला बसले. चिठ्ठी तुझा भाऊ वर आणेल. त्याला सांगितलंय, दाराखालून सरकव आणि लगेच खाली ये. तू काही फेकलंस आणि त्याच्या हाताला लागलं तर टीमच्या जर्सी कोण शिवणार? गावात दुसरा शिंपी उधारीवर काम करत नाही.

काल मैदानावर सगळ्यांसमोर तुला बाहेर बसवलं, हे खरं. आधी घरी सांगायला हवं होतं, हेही खरं. पण सांगायचं कधी? जेवताना सांगितलं असतं तर तू ताटावरून उठली असतीस, आणि उपाशीपोटी चिडलेल्या तुझ्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

आता शांतपणे वाच. आपली काच कारखान्याची टीम तक्त्यात तळाला आहे. या मोसमात आपल्या नावावर एकच गोल लागलाय, आणि तो धुलाईवाल्यांच्या एका बाईने चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला आहे. म्हणजे आपल्याकडून सगळ्यात चांगलं आक्रमण करणारी खेळाडू दुसऱ्यांच्या टीममध्ये आहे. मोसम संपताना आपण तळालाच राहिलो तर खालच्या गटात जाणार. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून, पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं, "खालच्या गटाला गुरुवारची अर्धी सुटी मिळणार नाही." सुटी नाही तर सराव नाही, आणि सराव नाही तर टीम नाही. दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या बायका संध्याकाळी आणि फुकट पळायला येतील, असं तुला वाटतं का?

म्हणून पुढे दोन नवख्या लावतेय. एक पॅकिंगमधली ती बुटकी, खारूताई. दुसरी भट्टीवरची ती उंच आणि रुंद, जिला सगळे कपाट म्हणतात. दोघी याच वर्षी कामाला लागल्यात. दोघींनी अजून एकही सामना खेळलेला नाही. म्हणजे निदान हरायची सवय तरी नाही.

तुला नणंद म्हणून बसवलेलं नाही. गोल होत नाहीत म्हणून बसवलंय. लग्न झाल्यापासून चेष्टेने तुला वन्सं म्हणत आलेय, आज जरा घाबरून म्हणतेय.

तुझी वहिनी

ता. क. ब्रेड आणि अंडी जिन्यात ठेवलीत. अबोला माझ्याशी आहे, अंड्यांशी नाही.


७ ऑक्टोबर, वरचा मजला

माननीय प्रशिक्षकबाई,

आपलं पत्र मिळालं. अंडी खाल्ली. त्यामुळे काहीही बदललेलं नाही.

आपण म्हणता, गोल होत नाहीत. कबूल. पण गोल करायला बॉल लागतो, हे आपल्या कानावर आलं असेलच. गेल्या सामन्यात माझ्यापर्यंत बॉल किती वेळा आला? पहिला आला तो कुंपणापलीकडून परत येताना. दुसरा आला तो रेफरीच्या पाठीवर आपटून. आपली मधली फळी बॉल मारते कशी, तर अंगावर झुरळ चढल्यासारखी, कुठेही, फक्त स्वतःपासून लांब. आणि दोष कुणाचा, तर नऊ नंबरचा! मी काय बॉल टपालाने मागवू?

तुमच्या त्या नवख्यांबद्दल. कपाटाने परवा सरावात मला विचारलं, "ताई, आपलं जाळं कोणतं?" मी दाखवलं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या तर म्हणते, "आता हे का बदललं? कुणाची तक्रार आली का?" या बाईच्या भरवशावर तुम्ही आक्रमण सुधारणार. मला तर वाटतं, आधी तिला मैदानाचं दार दाखवावं. आत येण्यासाठी म्हणतेय, गैरसमज नको.

खारूताई पळते चांगली, नाही म्हणणार नाही. बसच्या मागेही चांगली पळत असेल.

आणखी एक. काल संध्याकाळी खालून शिलाई मशीनचा आवाज आला. दादाला विचारलं काय चाललंय. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "थोडं आत घेतोय." काय आत घेतोय? माझी नऊ नंबरची जर्सी! त्या खारीच्या मापाला! बारा वर्षं घातलेली जर्सी माझ्या सख्ख्या भावाने कात्री लावून बारीक केली, आणि वर मला विचारतो, "चहा घेणार का?"

माझ्या उजव्या गुडघ्याचं कारण पुढे करायचा विचार असेल तर करू नका. गुडघा ठणठणीत आहे.

आपली, बाकावरची


१४ ऑक्टोबर, खालचा मजला

प्रिय वन्सं,

हरलो. चार-शून्य. तुला माहीत आहेच, तरी लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्यांदा आनंद होईल.

खारूताई इतकी जोरात पळाली की बॉल मागे राहिला आणि ती एकटीच जाळ्यापर्यंत पोचली. त्यांच्या गोलकीपरला नमस्कार करून परत आली. कपाट प्रत्येक वेळी ऑफसाइड. शिट्टी वाजली की ती दोन्ही हात वर करून उभी राहायची, पोलिसांनी पकडल्यासारखी. शेवटी रेफरीच कंटाळून म्हणाला, "बाई, एकदा तरी त्यांच्या बचावाच्या अलीकडे उभ्या राहा हो, मलाही थोडं पळायचंय." मध्यंतरात मी दोघींना झापलं. खारूताई रडली. कपाट म्हणाली, "बाई, मला सांगा कुठे उभं राहायचं, मी उभी राहते. पण एकदाच सांगा, दोनदा सांगितलं की गोंधळ होतो."

इतकं असूनही एक गोष्ट जाणवली. त्यांच्या बचावातल्या बायका घाबरल्या होत्या. तुला त्या ओळखतात. तू डावीकडे वळणार हे त्यांच्या पोरांनाही पाठ आहे. या दोघी कुठे जातील ते त्यांना कळत नव्हतं. अर्थात या दोघींनाही कळत नव्हतं.

बरं, सायकल स्टँडमागे काळा गॉगल लावून एक बाई उभी होती. आभाळ भरून आलेलं, तरी गॉगल. कपाट पडली की ती हसायची, आणि खारूताईकडे बॉल गेला की टाचा उचलून उभी राहायची. ओळखीची वाटली. तुझ्या पाहण्यात आली तर तिला विचार, तिला काय दिसलं. मला खरंच कळत नाहीये गं काय चुकतंय.

तुझी वहिनी


१५ ऑक्टोबर, वरचा मजला

प्रशिक्षकबाई,

मी मैदानावर आले नव्हते. रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून झोपून होते.

मात्र दुसऱ्या हाफमध्ये तुमची मधली फळी जे करत होती ते बघून कुणाचंही डोकं दुखलं असतं. मी रोज दिव्यासमोर बसून पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्यांमधले तडे शोधते. तडा मला लगेच दिसतो. तुमचा तडा पुढे नाही, मध्ये आहे. त्या बायका बॉल अजूनही मी जिथे उभी राहायचे तिथेच मारतायत, डाव्या कोपऱ्याच्या थोडं अलीकडे. त्यांच्या पायांना तीच सवय लागलीय. तिथे आता कुणी नाही, तरी बॉल तिथेच जातो आणि समोरची टीम तो आरामात उचलून नेते. खारूताई बिचारी उजवीकडे हात हलवत पळतेय, कुणी बघेल तर शपथ.

तुम्ही दोन माणसं बदललीत, बाकीच्या नऊ जणींना सांगितलंतच नाही की मी गेलेय. त्यांना सांगा. हवं तर माझं श्राद्ध घालून सांगा.

आणि कपाटाला ऑफसाइड शिकवू नका. तिला म्हणावं, त्यांच्या सगळ्यात जाड बाईला चिकटून उभी राहा आणि ती हलेल तेव्हाच हल. तेवढं तिला जमेल.

हे सगळं मी ऐकीव माहितीवर लिहितेय.

यापुढे गुरुवारी संध्याकाळी मी घरी नसेन. कुठे असते ते विचारायचं नाही.


४ नोव्हेंबर, खालचा मजला

प्रिय वन्सं,

मी तुला हे पत्र दोनदा लिहिलं. पहिलं आनंदाचं होतं, ते फाडलं.

आधी आनंदाचं सांगते, कारण तो तुझाच आहे. तू म्हणालीस तसंच केलं. सरावाला डाव्या कोपऱ्यात, तुझ्या जागेवर, एक खुर्ची ठेवली आणि मधल्या फळीला सांगितलं, खुर्चीला बॉल लागला तर मैदानाला दोन फेऱ्या. पहिल्या गुरुवारी सगळ्या फेऱ्याच मारत होत्या. दुसऱ्या गुरुवारी माना उजवीकडे वळायला लागल्या. आणि काल, वन्सं, आपण जिंकलो! दोन-एक! पहिला गोल कपाटाच्या पाठीला लागून गेला. ती त्यांच्या जाड बाईला चिकटून उभी होती, खारूताईने मारलेला बॉल तिच्या पाठीवर आपटून आत गेला, आणि कपाट वळून म्हणाली, "कुणी मारलं गं मला?" सगळ्या तिच्या अंगावर पडल्या तरी तिला कळेना की अभिनंदन चाललंय. दुसरा गोल मात्र खारूताईने स्वतः केला. तिघींना चुकवून. मी बाकावर उभी राहिले आणि बाक मोडला. त्याचे पैसे मॅनेजरसाहेब माझ्याकडे मागतायत, मी त्यांना हसून दाखवलं.

अजून तळाच्या जवळच आहोत, पण आता तळ पायाला लागत नाही.

आता दुसरं. काल रात्री हे सांगायला तुझ्या भावाच्या शिलाईच्या खोलीत गेले. त्याने मशीनवरचं कापड घाईघाईने मांडीखाली घातलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला साधं खोटं बोलता येत नाही, मांडीखाली काय लपवणार? मी ओढून काढलं. पांढरी जर्सी, हिरवी पट्टी. इस्पितळाच्या टीमची. पाठीवर नऊ. खांदे तुझ्या मापाचे.

तो म्हणाला, "तिने सांगू नको म्हटलं होतं." मी म्हटलं, "आणि मी कोण आहे?" तर म्हणाला, "तू तिची वहिनी." एवढंच. मग दोरा ओवायला लागला, आणि सुईच्या भोकातून माझ्याकडे बघत बसला.

नियमात बसतं, मला माहीत आहे. प्रत्येक टीमला बाहेरच्या दोन खेळाडू घेता येतात. मोसमाचा शेवटचा सामना आपला इस्पितळाशीच आहे, हेही तुला माहीत असेल. मला एवढंच सांग, हे माझ्यावर सूड म्हणून केलंस का? खरं सांग. मी जिन्यात बसून वाचेन, म्हणजे तुझ्या भावाला माझं तोंड दिसणार नाही.

वहिनी


५ नोव्हेंबर, वरचा मजला

वहिनी,

हो. सुरुवातीला सूडच होता. खोटं कशाला बोलू?

झालं असं, मी गुडघा दाखवायला इस्पितळात गेले. गुडघा ठणठणीत आहे असं मी लिहिलं होतं ते थापच होती. रात्री दुखायचा. डॉक्टरने वाकवला, ठोकला, फोटो काढला आणि म्हणाला, "यात काहीही नाही." मी म्हटलं, "दुखतो तर आहे." तो म्हणाला, "कधी दुखतो?" मी विचार केला. शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी. सामन्याच्या आधी. डॉक्टरने पेन बंद केलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

बाहेर बाकावर बसले होते तर त्यांची मेट्रन आली. तीच त्यांची प्रशिक्षक. धिप्पाड बाई, चालताना फरशा वाजतात. म्हणाली, "तू काच कारखान्याची नऊ नंबर ना? तुझ्या वहिनीने बसवलं म्हणे. आमच्याकडे येतेस?" त्या क्षणी मला फक्त तुझं तोंड डोळ्यांपुढे आलं, माझं नाव त्यांच्या यादीत वाचतानाचं. आणि मी हो म्हटलं.

पण मग पहिल्या गुरुवारी सरावाला गेले. वहिनी, तिथे मला कुणी ओळखत नाही. कारखान्यात मी चुकले की सोमवारी पट्ट्यासमोर बसल्यावर सगळ्यांच्या नजरा पाठीवर. कुणी काही बोलत नाही, उलट जास्तच गोड वागतात. तिथे एका नर्सने मला सरळ विचारलं, "तुम्हाला खेळता येतं का, की मेट्रनच्या नात्यातल्या?" मी पहिलाच बॉल झाडावर मारला. सगळ्या हसल्या. मीही हसले. कितीतरी वर्षांनी मैदानावर हसले मी.

तू दोन नवख्या आणल्यास म्हणून मी इतकी आदळआपट केली, आणि आता मीच तिथे नवखी आहे. बॉल कुठून येईल ते मला कळत नाही, मी कुठे जाईन ते त्यांना कळत नाही. फार मजा येते गं.

शेवटच्या सामन्यात मी खेळणार. आणि गोल मारणार. आधीच सांगून ठेवते, नंतर रडायचं नाही.

दादाला ओरडू नकोस. त्याने शिवता शिवता मला दोनदा विचारलं, "नक्की ना?"


९ डिसेंबर, खालचा मजला, सकाळ

प्रिय वन्सं,

काल सामन्यानंतर तू मेट्रनच्या गाडीत बसून गेलीस, मग उशिरा आलीस आणि थेट वर. म्हणून पुन्हा चिठ्ठी. मला वाटलं होतं, काल तरी बोलशील.

तू पहिला गोल मारलास तेव्हा मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने. आपल्या राखीव गोलकीपरने कानांवर हात ठेवले. उजवीकडे वळलीस! बारा वर्षं डावीकडे वळत होतीस आणि माझ्याच बचावासमोर उजवीकडे! आणि गोल झाल्यावर आमच्या बाकासमोरून पळत गेलीस, हात पसरून, जीभ काढून. जीभ! तुझ्या वयाच्या बाईने! तुझा भाऊ मधोमध बसला होता, कुठल्याच बाजूला नाही, आणि दोन्ही बाजूंच्या गोलांना सारख्याच टाळ्या वाजवत होता. दोन्ही बाजूंचे लोक त्याच्यापासून लांब सरकून बसले.

खारूताईने बरोबरी केली, मग तू दुसरा मारलास. हवेत तिरकी झालीस आणि डोक्याने. वन्सं, त्या गोलाला मी टाळी वाजवली. हात आपोआप वाजले. आमचा अख्खा बाक माझ्याकडे वळून बघत होता. मी म्हटलं, डास होता.

मग शेवटची मिनिटं. बरोबरी झाली तरच आपण वर राहणार होतो. खारूताई डावीकडे निघाली, तुमच्या दोघी तिच्यामागे गेल्या, तिने न बघताच बॉल मध्ये टाकला. कपाटाने तो छातीवर झेलला, खाली पडू दिला आणि असा हाणला की जाळ्याचे एका बाजूचे खिळेच उपटले, ते आज सकाळी मी स्वतः ठोकून आले. दोन-दोन. आपण वरच्या गटात राहिलो. मॅनेजरसाहेब येऊन म्हणाले, "मला खात्रीच होती." पेपर हातातच होता.

म्हणजे माझं बरोबर निघालं, नवख्यांनी आक्रमण सुधारलं. आणि तुझंही बरोबर निघालं, तू संपलेली नव्हतीस. मग मला सांग, जे दोन गोल त्या मेट्रनने तुझ्याकडून काढून घेतले ते मला का जमले नाहीत? ती काय करते जे मी केलं नाही?

आणखी एक गोष्ट, लिहिताना हात जड होतोय. आज सकाळी जाळं ठोकत होते तेव्हा खारूताई आली. तिला पुढच्या वर्षी इस्पितळाकडून खेळायचंय. तुझ्याजवळ शिकायचंय म्हणाली. त्यांच्याकडे बाहेरच्या एका खेळाडूची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, तुझी मर्जी. दुसरं काय म्हणणार? तिला घेऊ नकोस असं मी तुला लिहिणार नाही. हे वाक्य तू हवं तसं वाच.

तुझी वहिनी


९ डिसेंबर, वरचा मजला, दुपार

वहिनी,

ती दुपारी कारखान्याच्या फाटकापाशी मला गाठून हेच म्हणाली. सांगते पुढे. आधी तुझा प्रश्न.

मेट्रन काय करते? पहिल्याच दिवशी मी धावता धावता थांबले तर ती ओरडली, "पळ गं म्हशी, झोपायला आलीस का?" तू मला असं कधी म्हणाली नाहीस. खारूताईला झापलंस, ती रडेपर्यंत. कपाटाला रोज झापतेस. मी मोकळ्या जाळ्याबाहेर बॉल मारला तरी तू म्हणायचीस, "असू दे, वन्सं, होतं असं." घरी येऊन मला आधी वाढायचीस. मला वाटायचं, वहिनीने आपल्याबद्दल आशाच सोडलीय, नुसतं नातं सांभाळतेय. ज्या दिवशी तू मला बसवलंस, त्या दिवशी पहिल्यांदा तू माझ्याशी खेळाडूसारखी वागलीस. राग आला तो त्याचाच होता, इतका उशीर का केलास म्हणून. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मी रेडिओ मोठा केला.

मी परत येणार नाही, हे सांगून टाकते. तिथे मला बरं वाटतं. तुझ्या हाताखाली मी पुन्हा वन्सं होईन.

आता खारूताई. ती म्हणाली, "ताई, मला तुमच्याकडून शिकायचंय." मी म्हटलं, "मग समोरून शीक. माझ्या बाजूला उभी राहिलीस तर तुला माझी पाठच दिसेल. पुढच्या वर्षी माझ्या विरुद्ध खेळ, आणि मला हरव." ती म्हणाली, "आणि हरले तर?" मी म्हटलं, "तर तुझी बाई तुला झापेल. ती फार छान झापते, मला कधी मिळालं नाही." गेली उड्या मारत. तुझ्याकडेच राहील.

शेवटचं. तू लिहितेस, कपाटाने बॉल छातीवर झेलला. वहिनी, छाती कुणाचीही कोपरापर्यंत नसते. मी तिच्यापासून दोन पावलांवर होते. रेफरीच्या आणि तिच्या मध्ये तुमची ती पंधरा नंबर आली, म्हणून त्याला बॉलला हात लागलेला दिसला नाही. मला दिसलं. तुलाही दिसलं असणार, कारण गोल झाल्यावर सगळ्या नाचत होत्या आणि तू एकटी खाली बसून बुटाची नाडी बांधत होतीस. तुझ्या बुटांना नाडी नाही.

माझा हात वर जाणार होता. मेट्रन बाहेरून ओरडत होती, काय झालं, काय झालं. मी मोजे वर ओढले आणि मधल्या वर्तुळाकडे चालायला लागले. का, ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता यायचं नाही. गुरुवारची अर्धी सुटी मीही बारा वर्षं घेतलीय.

आता मी खाली येतेय. चहा टाक. मी समोर बसले की माझ्याकडे बघून "हात होता" एवढं म्हण. तू ते म्हणालीस की मी बोलायला लागते.